भाभांची वीस वर्षं आणि हादरणारं भांडं

मी नांदूरघाटचा, तालुका केज, जिल्हा बीड. आमच्याकडे विहिरीवरची मोटर बंद केली की स्टार्टरमध्ये 'चट' वाजतं आणि कधी निळी ठिणगी दिसते. लहानपणी प्रश्न पडायचा, बंद केल्यावर ही वीज आली कुठून? पुढे कळलं, गुंडाळीतला करंट एकदम थांबायला तयार नसतो. तोडला की तो दुसरी वाट शोधतो. आजची गोष्ट या हट्टी करंटचीच आहे.

ऑगस्ट 1955. जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. होमी भाभा. भाषणात त्यांनी भाकीत केलं, की फ्यूजनची ऊर्जा ताब्यात ठेवून वापरायची रीत वीस वर्षांत सापडेल. फ्यूजन म्हणजे सूर्यात चालतं ते, हायड्रोजनच्या केंद्रकांचं एकत्र येणं.

1975 उजाडलं, पण रीत काही सापडली नाही. का? कारणं बरीच आहेत. त्यातलं एक फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे भांडं.

फ्यूजनसाठी टोकामॅक नावाचं यंत्र वापरतात. आत मेदूवड्याच्या आकाराचं धातूचं पोकळ भांडं असतं. त्यात कोट्यवधी अंश तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून लांब धरतात. या प्लाझ्मातून प्रचंड करंट वाहतो. 1963 मध्ये गोर्बुनोव्ह आणि राझुमोवा या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नोंदवलं, की कधी कधी प्लाझ्मा अचानक कोसळतो. याला म्हणतात डिसरप्शन.

आता स्टार्टर आठवा. प्लाझ्मातला करंट क्षणात संपतो, तसा भांड्याच्या भिंतीत नवा करंट उठतो. शिवाय प्लाझ्मा वर किंवा खाली घसरून भिंतीला टेकला, तर त्याचा स्वतःचा करंटही भिंतीतून वाहू लागतो. भिंत आहे चुंबकीय क्षेत्रात. करंट अधिक चुंबक म्हणजे जोर. ज्या तत्त्वावर तुमची मोटर फिरते, त्याच तत्त्वावर ते भांडं ढकललं जातं!

इंग्लंडमधलं जेट हे टोकामॅक 1983 मध्ये सुरू झालं. 1990 च्या दशकात एका डिसरप्शनमध्ये त्याचं शंभर टनांहून जड भांडं काही मिलिमीटर बाजूला सरकलं. मिलिमीटर ऐकून हसू नका. जोडाला तडा जायला तेवढं पुरतं.

आपल्याकडे गांधीनगरला 'आदित्य' टोकामॅक 1989 मध्ये सुरू झालं. तिथे प्लाझ्मात इलेक्ट्रोड घालून, त्याला व्होल्टेज देऊन डिसरप्शन टाळण्याचे प्रयोग झाले. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या 'ईटर' प्रकल्पात भारत भागीदार आहे. तिथे प्लाझ्मात दीड कोटी अँपिअर करंट असेल, म्हणून भांडं हजारो टनांचे धक्के धरून आखलंय. त्याच्या दुहेरी भिंतीच्या आतले संरक्षक ठोकळे भारतात बनले. प्लाझ्मा बिघडतोय असं दिसलं, की त्यात गोठवलेल्या हायड्रोजन आणि निऑनच्या गोळ्यांचा चुरा मारायचा, अशीही योजना आहे. त्यामुळे उष्णता एका जागी न आदळता चहूकडे पसरते.

भाभा 1966 मध्ये विमान अपघातात गेले. 1955 मध्ये त्यांनी सूर्य हातात येईल म्हटलं, तेव्हा डिसरप्शन हे दुखणं कुणालाच ठाऊक नव्हतं. विस्तव कळला होता, चूल किती मजबूत लागेल ते कळायचं होतं.

आणि हो, ठिणगी बघायला स्टार्टर उघडू नका हं. भेटू पुढच्या भागात.