खांदेरी दीपगृह
खांदेरी दीपगृह : महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक दीपगृह. रायगड जिल्ह्यात, थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किमी. अंतरावरील खांदेरी बेटावर ते आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे किल्ला बांधण्यास घेतला. इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या आरमारांनी त्यास विरोध केला. तथापि मराठा आरमाराचे सरदार मायनाक भंडारी व दौलतखान यांनी बेट राखले. शेजारच्या उंदेरी बेटावर सिद्दीने ठाणे वसविले. मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांना खडकांपासून सावध करण्यासाठी १८६७ मध्ये खांदेरीच्या टेकडीवर दीपगृहाचा सुमारे २५ मी. उंचीचा अष्टकोनी मनोरा उभारण्यात आला. बेटावरील वेताळाच्या मंदिरावर कोळी समाजाची श्रद्धा आहे. पुढे बेटास मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये खांदेरी किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.