नागरी पाणीपुरवठा नियोजन

वाढत्या शहराची पाण्याची गरज भागवण्यासाठी उद्भव (पाण्याचा स्रोत), शुद्धीकरण, साठवण आणि वितरण यांची केलेली दीर्घकालीन आखणी. मुंबईत या आखणीचा इतिहास बहुतांशी नव्या धरणांचा आहे: विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) ते मध्य वैतरणा (२०१४). उद्भव शहरापासून दूर सरकत गेला, तरी ठरावीक तासांचा पुरवठा सुटला नाही. त्यामुळे तुटवड्याचे मूळ केवळ धरणात शोधणे अपुरे ठरते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. पाणी आल्यावर पहिली बादली गढूळ येते, त्यामागे बऱ्याचदा हेही कारण असते. पुढे घरोघरी टाक्या आणि मोटारी बसतात, मोटारी दाब आणखी खेचतात आणि टोकाच्या वस्तीत नळ कोरडा राहतो.

लोकसंख्या वाढते आहे, तेव्हा नवा उद्भव लागणारच, हा आक्षेप रास्त आहे. परंतु विभागवार मोजणी नसेल तर नेमके किती पाणी कमी पडते, हेच कळत नाही. मोजणीसाठीच्या मीटरमुळे गरिबांवर बोजा पडेल, ही भीतीही खोटी नाही. मात्र तिचे उत्तर टप्प्याटप्प्याच्या दरात आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिले. अर्थात लहान गावाचा धडा महानगराला जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे एकेक दाबविभाग (स्वतंत्रपणे दाब राखता येणारा जलवाहिन्यांचा भाग) वेगळा करून गळती शोधावी लागते.