खुलं ज्ञान आणि पोचलेलं ज्ञान: ‘सायपाय’ बसवण्याचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास आपण सहसा शोधांच्या सनावळीने सांगतो. पण सूत्र सापडलं, त्याचा प्रोग्रॅम लिहिला गेला, तो फुकट वाटलाही, तरी एक प्रश्न उरतोच: तो आपल्या संगणकावर चालतो का? आज आपण ‘सायपाय’ या एकाच पॅकेजच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास पाहू.

पायथन ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे आली. वैज्ञानिक आकडेमोडीसाठी तिच्यावर उभारलेलं सायपाय २००१ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पेआरू पीटरसन यांनी सुरू केलं. मात्र त्याच्या आतली बरीचशी गणितं पायथनमध्ये नव्हतीच. ती होती फॉरट्रानमध्ये, म्हणजे आयबीएमने १९५७ साली आणलेल्या भाषेत. मॅट्रिक्सची कामं करणारं ‘लॅपॅक’ १९९२ चं, आणि त्याच्याही खालचं ‘ब्लास’ १९७० च्या दशकातलं. घर नवं, पाया जुना, पण पक्का.

अडचण पायाची नव्हती, बांधणीची होती. सोर्स कोड हा माणसाने वाचायचा मजकूर. यंत्राला तो कळायचा तर कम्पाइल करावा लागतो, आणि तोही प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निराळा.

लिनक्सवर फॉरट्रानचा मोफत कम्पायलर हाताशी असे. शिवाय १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनसारख्या प्रकल्पांचे स्वयंसेवक पॅकेजं बांधून तयार ठेवत. आपण एक कमांड द्यायची, की झालं. फक्त आवृत्ती त्यांनी निवडलेली घ्यावी लागे. मॅकची तऱ्हा वेगळी. तिथे यंत्राचं काळीजच बदलत गेलं: २००६ मध्ये इंटेलची चिप आली, २०२० मध्ये अ‍ॅपलची स्वतःची. दर वेळी बांधणी नव्याने.

सर्वांत बिकट वाट विंडोजची. तिथलं पायथन मायक्रोसॉफ्टच्या सी कम्पायलरने बांधलेलं, आणि त्याच्याशी नीट जुळणारा मोफत फॉरट्रान कम्पायलर नव्हता. प्रकल्पाचे तयार इन्स्टॉलर मिळत, पण ते ३२-बिटचे. म्हणजे ज्या सिस्टिमवर सामान्य विद्यार्थी बसलेला, तिथेच दार अर्धवट उघडं. ही उणीव अनेक वर्षं कुणी भरून काढली? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ख्रिस्तोफ गोल्के यांनी. शेकडो पॅकेजं विंडोजसाठी बांधून ते आपल्या पानावर ठेवत, आणि जगभरची माणसं तिथून ती उतरवून घेत.

२०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ‘कोंडा’ हे साधन आलं आणि ‘व्हील’ या तयार पॅकेजच्या साच्याचा प्रस्ताव मांडला गेला. लिनक्सच्या नाना वाणांसाठी २०१६ मध्ये एक तोड निघाली: बांधणी मुद्दाम जुन्या लिनक्सवर करायची. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. उलट मात्र होत नाही. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सायपायची १.० आवृत्ती आली, तेव्हा पायथनच्या सार्वजनिक भांडारात विंडोजसाठी तयार व्हील प्रथमच ठेवलं गेलं. सुरुवातीपासून सोळा वर्षांनी! या सोळा वर्षांत सोर्स कोड सगळ्यांना खुलाच होता, हे लक्षात घ्या. परवाना होता, पण पोच नव्हती.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून एक मुद्दा मांडतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण ते आप्ताचं वचन असेल तर. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. तयार व्हील उतरवून घेताना आपण नेमकं आप्तवचनच स्वीकारत असतो. सोर्स तपासून पाहण्याची मुभा आहे. पण तपासतो कोण? पूर्वी स्वतः बांधताना खटाटोप फार होता, तरी आत काय आहे याचा थोडा तरी अंदाज यायचा. आज सोय आहे, आणि तिची किंमत म्हणजे विश्वास.

अशा विश्वासात गैर काही नाही; त्याशिवाय विज्ञान चालतच नाही. पण तो डोळस हवा. शोधनिबंधाखाली आपण सूत्र मांडणाऱ्याचं ऋण नोंदवतो. ते सूत्र आपल्या टेबलापर्यंत आणून पोचवणाऱ्याचं ऋण कुठे नोंदवायचं? विद्यापीठं त्याला संशोधन म्हणत नाहीत, बढतीत ते धरलं जात नाही. ते धरलं जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण हे काम उद्या थांबलं, तर ज्ञान कायद्याने खुलंच राहील, आणि तरीही आपल्यापर्यंत येणार नाही.