नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय? अजिंठ्यातल्या घराने तयारी कधी सुरू करायची, आणि फीचं काय?

सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावात नर्सिंगचा प्रवेश नेमका अशा दिवसांत येतो, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. पेरणी झालेली असते, बियाणं आणि खत उधारीवर आणलेलं असतं, मका आणि कपाशी शेतात उभी असते. कापसाचा पैसा हाती यायला दिवाळी उजाडते. कॉलेजला मात्र पावसाळ्यातच पैसे भरावे लागतात.

म्हणून नर्सिंगचा खर्च किती, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो खर्च कधी करावा लागतो हा. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे जागा कोणत्या मार्गाने मिळाली. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलींपैकी एकीचं शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीला पूर्ण फी, असं होऊ शकतं. दोघींच्या गुणांत फारसा फरक नसतानाही.

कोर्स कोणता?

नर्सिंगला जाण्याचे मुख्य रस्ते तीन आहेत.

एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स. कोणत्याही शाखेतून बारावी चालते, पण तो फक्त मुलींसाठी आहे. गावातल्या उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी आरोग्यसेविका म्हणजेच लोकांच्या तोंडची 'सिस्टर' बहुधा हाच कोर्स करून आलेली असते.

जीएनएम तीन वर्षांचा. इथेही शाखेची अट नाही. बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के हवेत. कला शाखेच्या मुलामुलींसाठी हा रस्ता खुला आहे, हे अनेक घरांत माहीतच नसतं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञान, तेही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह लागते. खुल्या गटाला विज्ञान विषयांत ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. अकरावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांचा हा रस्ता तिथेच बंद होतो. त्यामुळे नर्सिंगचा पहिला निर्णय खरं तर दहावीच्या निकालानंतरच होतो.

जीएनएम झाल्यावर पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. चार वर्षं सलग शिकवणं परवडत नसेल, तर आधी जीएनएम, मग नोकरी, मग पदवी हा मार्ग कमी दर्जाचा मानायचं कारण नाही. सरकारी भरतीत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे आणि त्या पदासाठी जीएनएमही चालतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये. खासगी दवाखान्यात सुरुवातीला यापेक्षा बरंच कमी मिळतं. कर्ज काढताना हप्त्याचा हिशेब त्या कमी पगारावर करावा, सरकारी नोकरीच्या आशेवर नाही.

सीईटी चुकली तर?

राज्यात बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश सीईटी सेलच्या परीक्षेवर होतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे पाच भाग, प्रत्येकी २० गुणांचे. नियमातली पात्रतेची रेषा खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, राखीव गटाला ४०. 'नर्सिंगचा कल' म्हणजे काही वेगळं पुस्तक नव्हे. रुग्णाशी कसं वागावं, स्वच्छता, साधी समज, तर्क अशा गोष्टी त्यात येतात. मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण जातात ते इंग्रजीच्या भागात, आणि वर्षभर थोडा थोडा अभ्यास केला तर सगळ्यात लवकर सुधारतो तोही हाच भाग.

परीक्षेची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आसपास, बहुतेक वेळा आधीच, उघडते आणि बंदही होते. निकालानंतर 'आता बघू' म्हणणाऱ्यांसाठी तोपर्यंत मुख्य दरवाजा बंद झालेला असतो. मग उरतो तो एजंट, संस्थास्तरावरची जागा किंवा दुसऱ्या राज्यातलं कॉलेज. तिन्ही महाग पडतात. एएनएम आणि जीएनएमसाठीही त्या वर्षीची अधिसूचना याच दिवसांत शोधून ठेवलेली बरी.

मुलींना फी माफ आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, पण अटींसह. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), एसईबीसी आणि इतर मागासवर्ग या गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत हवं. आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे लोक ज्याला कॅप राउंड म्हणतात त्यातून, झालेला हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश यात बसत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून बाहेर आहेत.

आकडे घेऊन पाहू. समजा एका खासगी कॉलेजची मंजूर फी वर्षाला ८८,००० रुपये आहे. त्यात ८०,००० शिक्षण शुल्क आणि ८,००० विकास शुल्क. ओबीसी गटातली, तीन लाख उत्पन्नाच्या घरातली मुलगी कॅपमधून गेली तर ८०,००० सरकार भरतं. विकास शुल्क, अनामत, गणवेश, पुस्तकं, खोली आणि जेवण घरचं. तीच मुलगी त्याच कॉलेजात संस्थास्तरावर गेली तर चार वर्षांचे ३,५२,००० रुपये घरच्यांनाच भरावे लागतात, जेवणाखाण्याचा खर्च वेगळा.

पात्र मुलींकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे निर्देश सरकारने कॉलेजांना दिलेले आहेत. तरी काउंटरवर 'आधी भरा, मग परत मिळेल' असं ऐकू येतं. तेव्हा शासन निर्णयाची छापील प्रत हातात असलेली बरी. तोंडी वाद घालण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

मुलांचं चित्र वेगळं आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं; ओबीसी मुलांनाही निम्मंच. अनुसूचित जाती-जमातींच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलामुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो, आणि त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. घरात अडचण असताना खात्यात अचानक मोठी रक्कम दिसते. ती खतवाल्याच्या उधारीत गेली तर पुढे परीक्षेच्या अर्जाच्या वेळी कॉलेज अडवून धरतं.

या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, दर वर्षी नव्याने. पैसे मात्र बरेचदा काही महिने उशिरा येतात.

दाखल्यांची मार्चची गोम

गावाकडच्या मुलींचा लाभ हुकतो तो बहुतेक वेळा गुणांमुळे नव्हे, कागदामुळे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. जानेवारीत धावपळ करून काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो आणि प्रवेश असतो जुलै-ऑगस्टमध्ये. सगळे कागद आहेत असं समजून गेलेली मुलगी मग खुल्या गटात ढकलली जाते. त्यामुळे एप्रिल उजाडताच नवा दाखला काढावा, आणि नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षांचं मिळत असेल तर तेच मागावं.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ नुसार या दाखल्यांना मुदती ठरलेल्या आहेत: उत्पन्न आणि अधिवास १५ दिवस, नॉन-क्रिमीलेयर २१ दिवस, जातीचा दाखला ४५ दिवस. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करायचा आणि पावती जपून ठेवायची. मुदत टळली तर अपील त्या पावतीवरच करता येतं. सगळ्यात वेळखाऊ काम जात पडताळणीचं, म्हणजे 'व्हॅलिडिटी'चं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. काही घरांत त्या निजामकाळातल्या, उर्दूत असतात आणि भाषांतर करून घ्यावं लागतं. हे काम अकरावीतच सुरू करावं. बारावीच्या सुट्टीत ते उरकेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

बँक खातं आधारशी जोडलेलं आहे, एवढं पुरत नाही. एकापेक्षा जास्त खाती असतील तर थेट लाभ कोणत्या खात्यात येतो ते बँकेत विचारून घ्यावं. बंद पडलेल्या जुन्या खात्याकडे रक्कम वळून अडकून पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

रोज ये-जा जमेल का?

अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटरच्या आसपास; जळगाव त्यापेक्षा जवळ. इतर पदव्यांसाठी अशी ये-जा करणारी मुलं आहेत. नर्सिंगमध्ये ते जमत नाही. वर्ग आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी हाती पडण्याआधी रुग्णालयातल्या प्रत्येक विभागाची ड्युटी पूर्ण, म्हणजे १०० टक्के, भरावी लागते. आजारपणात, लग्नसराईत बुडालेले दिवस पुन्हा भरून द्यावे लागतात. सकाळच्या पाळीसाठी पहाटेची एसटी गाठून पोहोचता येत नाही.

म्हणजे राहण्याचा खर्च टळत नाही आणि फी माफ झालेल्या घरालाही चिमटा बसतो तो इथेच. सरकारी वसतिगृहाचा अर्ज पहिल्यांदा करावा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१,००० रुपयांपर्यंत मदत आहे. जेवण, खोली आणि निर्वाह यांसाठी. अनुसूचित जमातींसाठी स्वयं, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. सात-बारा आणि अल्पभूधारकाचा दाखला इथे कामाला येतो.

कर्ज काढावं का?

लाभ बसवल्यावर जी तूट उरते, तेवढंच काढावं. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि कोर्स अधिक एक वर्ष एवढा काळ हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र चढत राहतं. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, आणि नर्सिंगच्या बाबतीत त्यासाठी कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता असणं ही अट आहे. अल्पसंख्याक समाजातल्या मुलींना मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं सवलतीचं शैक्षणिक कर्जही मागता येतं. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँकेत तो विषय निघणारच. तो प्रवेशाच्या आठवड्यात नव्हे, आधी उन्हाळ्यात मिटवलेला बरा.

कॉलेज खरं की नुसती पाटी?

पदवीसाठी कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न हवं. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते; ती नसेल तर परिचारिका म्हणून कायदेशीर काम करता येत नाही. 'नर्सिंग असिस्टंट', 'रुग्णसेवा डिप्लोमा' अशा नावांचे सहा महिने-वर्षाचे कोर्स यात बसत नाहीत, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असली तरी.

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेली असते. तिच्यापेक्षा जास्त मागणी झाली, पावतीशिवाय रोख मागितली, तर ती देणगी ठरते, आणि महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने तिला बंदी आहे. एजंट कर्नाटकातलं कॉलेज स्वस्त म्हणून सुचवतो तेव्हा त्याला एकच विचारावं: महाराष्ट्राची मुलींची फीमाफी तिथे लागू आहे का? ती लागू नाही. हे धरून हिशेब केला की 'स्वस्त' कॉलेज बहुतेकदा महागच ठरतं.

आणि पसंतीक्रम भरताना सरकारी कॉलेजं वर ठेवावीत. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय नर्सिंग महाविद्यालय आहे. तिथली फी खासगीच्या मानाने किरकोळ, आणि शिकायला समोर घाटीसारखं मोठं रुग्णालय, जिथे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून, अजिंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलेले रुग्णसुद्धा येतात.