पीडितांचे सेवक आणि त्यांचे शिक्षण

गुन्हा घडला म्हणजे सर्वांचे लक्ष गुन्हेगाराकडे लागते. फौजदार त्याला शोधतो, वकील त्याची बाजू मांडतो, तुरुंग त्याला भाकरी देतो. ज्याचे घर फुटले किंवा जिचे अंग भाजले ते माणूस मात्र खटल्यात केवळ साक्षीदार म्हणून उभे राहते. त्याच्याजवळ कोणी बसावे, आणि बसणाऱ्याला ते काम कोणी शिकवावे, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा निघाला. मुंबईत तो कसा निघाला तेवढे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रारंभ नागपाड्यापासून करावा लागतो. १९३६ साली टाटांच्या देणगीतून तेथे समाजकार्याचे विद्यालय निघाले, डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. समाजकार्य म्हणजे भूतदया, आणि भूतदयेला शिक्षण कशाला, असे समजण्याच्या त्या काळात या विद्यालयाने दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. पुढे १९४४ साली तेच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले आणि ते अधिकारी याच संस्थेतून शिकून येऊ लागले. आम्हां युनियनवाल्यांचे त्यांच्याशी नेहमी पटलेच असे नाही. मालकाचा पगार घेऊन कामगाराचे कल्याण पाहणे ही कसरतच. पण कायद्याने जागा निर्माण केली, म्हणून त्या जागेचे शिक्षणही उभे राहिले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पीडितांच्या बाबतीत तशी जागाच नव्हती. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदे बदलले. सासरच्या छळासाठी ४९८-अ हे कलम आले ते त्याच वर्षी. कलम आले खरे, पण ते घेऊन बाई चौकीत गेली तर तिचे ऐकायचे कसे, हे चौकीला कोण शिकवणार?

१९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्य शिकलेल्या बाया तेथे बसल्या. बसायचे पोलिसांच्या छपराखाली, पण हुकमत पोलिसांची नाही, असा तो प्रकार. वरवर काम साधे दिसते. बाईचे बोलणे मध्ये न तोडता ऐकायचे. नवरा सोडावा की नांदावे, हे आपण ठरवायचे नाही, तिला ठरवू द्यायचे. तक्रार कायद्याच्या भाषेत बसवायची, अडकलेले स्त्रीधन पोलीस बरोबर देऊन आणवायचे, रात्र काढायला निवारा शोधायचा. "जमवून घे बाई" हा आपल्या समाजाचा ठरलेला सल्ला तोंडातून निघू न देणे, हेच या शिक्षणातले सर्वांत कठीण प्रकरण असावे.

२००० साली महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा इस्पितळात 'दिलासा' केंद्र सुरू केले. ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. मारहाण झालेली बाई चौकीत जाईलच असे नाही. पण इस्पितळात येते आणि "जिन्यावरून पडले" म्हणून सांगते. तेव्हा ते ओळखायचे आणि एकांतात विचारायचे, हे परिचारिका व डॉक्टर यांना शिकवले गेले, आणि शिकलेल्यांनी इतरांना शिकवले.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शेवटी संरक्षण अधिकारी ही जागा निर्माण केली. पोलीस व न्यायाधीश यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे असेही त्यात लिहिले. संरक्षण अधिकाऱ्याला समाजक्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव हवा, असे २००६ चे नियम सांगतात. तथापि अनेक राज्यांनी दुसऱ्याच खात्याच्या अधिकाऱ्यावर हे काम जादा म्हणून लादले. समुपदेशक म्हणून येणाऱ्या पुष्कळजणी करारावर, मानधनावर राबतात. अशी बाई चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसरीकडे गेली, की तिचे शिक्षण तिच्याबरोबर जाते. कपाटात कागद राहतात. तारखेला आलेल्या पीडितेला नव्या माणसासमोर सारी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.