टचिंग : पेन्सिल ते माऊस

अकबराच्या चित्रशाळेत एक चित्र अनेक हातांतून पुरे होत असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’च्या चित्रांखाली तशा नोंदीच आहेत. मांडणी म्हणजे ‘तर्ह’ एकाची, रंगकाम म्हणजे ‘अमल’ दुसऱ्याचे आणि काही पानांवर तिसरे नाव, चेहरे काढणाऱ्याचे. चेहऱ्याला निराळा उस्ताद लागतो, ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे. फोटोच्या धंद्यात हा तिसरा माणूस टचिंगवाला म्हणून परत आला. त्याचे नाव मात्र फोटोखाली कोणी लिहिले नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्याच सुमारास युरोपात निगेटिव्हवर हात फिरवण्याची विद्या पुढे येत होती. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्स्टेंगल यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. या विद्येला लोक खुशामत म्हणत. ते पूर्ण खरे नाही. त्या काळच्या काचेला निळा प्रकाश दिसे, तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कातडीवरचा साधा तांबूस पुरळही फोटोत काळाकुट्ट उमटे आणि सावळा माणूस आहे त्याहून काळा होई. म्हणजे टचिंगवाला आधी काचेची चूक दुरुस्त करत होता. काचेची चूक कुठे संपते आणि माणसाचा चेहरा कुठे सुरू होतो, हे विचारायचे मात्र पुढे राहून गेले.

काम नजर फोडणारे होते. तिरप्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड घ्यायचा, तिच्यावर मीडियम चोळायचे आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके देत जायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरे, तिथे प्रिंट उजळे. काळे करायचे असेल तर चाकूने खरवडायचे. तो चाकू घसरला की चेहरा कायमचा गेला. शागिर्द आधी भिणे शिके, मग टचिंग.

आमच्या दादीच्या गालांवर देवीचे वण होते. तिच्या स्टुडिओतल्या फोटोत एकही नाही. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. त्याआधीच्या कित्येक पिढ्या ते वण घेऊन जगल्या, पण फोटोंवरून इतिहास लिहायचा म्हटले तर ही साथ झालीच नाही असे वाटावे.

मग संगणक आला. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन यांच्या साथीने तो वाढला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. त्यातली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे थेट डार्करूममधून आलेली. १९९४ मध्ये लेयर आले, म्हणजे मूळ फोटोला धक्का न लावता वरच्या थरावर काम करता येऊ लागले. २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला. शेजारची कातडी उचलून, उजेड आणि रंग जुळवून, तो डाग असा भरतो की ठिगळ दिसत नाही.

आम्ही हे शिकलो २००३ च्या सुमारास. पहिले खरे काम आले ते एका दोस्ताच्या मरहूम अब्बांच्या फोटोचे. हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला तो पासपोर्ट साइज फोटो, घरात तेवढा एकच. कोपऱ्यात टाचणीचा गंज उतरलेला. तो आम्ही काढला. कपाळाच्या मधोमध आणखी एक काळपट डाग होता. मोठा करून पाहिला आणि त्याच ओघात तोही काढला. नव्या विद्येची मस्तीच तशी असते.

फ्रेम हातात घेऊन चाची बराच वेळ पाहत राहिल्या. मग काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, “बाकी सगळं त्यांचंच आहे. हे कपाळ कुणाचं लावलंस?”

चाळीस वर्षांच्या सज्द्यांचा तो गट्टा होता. आम्ही त्याला गंज समजलो होतो.

नशीब, काम वेगळ्या लेयरवर केले होते. कपाळावरचा थर पुसला, गट्टा परत आला, दुसरी प्रिंट काढून दिली. त्या रात्री घरी येऊन दादीचा फोटोही स्कॅन केला आणि गाल मोठे करून पाहिले. तिथे पेन्सिलीचे ठिपके होते. त्यांच्याखाली परत आणण्यासारखे काहीच नव्हते.