न्हाणीतला चुना आणि टाइल्सवरची काळी बुरशी

आपला शिरूर तालुका कमी पावसाचा. तरीही "डॉक्टर, बाथरूमच्या टाइल्स काळ्या पडतात, त्यानेच खोकला येतो का?" असे पेशंट विचारतात. दमा किंवा ॲलर्जी असेल तर बुरशीमुळे त्रास वाढू शकतो. पण ही बुरशी आली कुठून?

पूर्वी न्हाणी बहुधा परसात असे. खाली शहाबादी फरशी, वर मोकळी हवा. आंघोळी उरकल्या की ऊन-वाऱ्याने ती वाळून जाई. भिंतींना दिवाळीआधी चुना लागे. ताजा चुना तीव्र अल्कली असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी पथकांनी घरोघरी चुना फासला. मुंबईत तर अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून कौलेही काढली. १८९८ मध्ये सिमोंड या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवले. म्हणजे प्लेगवर चुना हा इलाज नव्हता. पण घरात हवा-उजेड हवा, हा धडा खरा होता.

पुढे न्हाणी घरात आली आणि तिची बाथरूम झाली. चकचकीत टाइलमध्ये पाणी मुरत नाही, पण दोन टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांत मुरते. त्यात साबणाचा थर आणि बंद खिडकी! बुरशीला आणखी काय हवे? ॲसिड ओतले तर सांधे झिजून खडबडीत होतात आणि बुरशी आणखी घट्ट बसते.

चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये पेटंट घेतलेली ब्लीचिंग पावडर चुन्यात क्लोरीन वायू मुरवूनच बनते. तिच्यावर ॲसिड पडले की तोच विषारी वायू बाहेर येतो. बाटलीतल्या ब्लीचचेही तसेच. म्हणून ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नका.

आधी साबणाच्या पाण्याने सांधे घासा व धुवा. डाग उरले तर खिडकी उघडून, हातमोजे घालून, बाटलीवरील प्रमाणात पातळ केलेले ब्लीच लावा; थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवा. दम्याच्या पेशंटने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

आणि रोज आंघोळीनंतर वायपर फिरवा, खिडकी उघडी ठेवा. जुनी न्हाणी कोरडी राहायची, तेवढे जमले तरी पुरे.